साठीच्या गेटवर दीर्घायुष्याचा बाजार

1985 मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग बनवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची रांग लागली. त्या काळात आयटीआय करून, कुणी नुसती दहावी करून, जालना, बीड, परभणीकडची मुले इथे आली. रांजणगाव, जोगेश्वरी, छोटे पंढरपूर इथे चौघांत एक खोली करून राहिली, पुढे बजाजनगरात घरे बांधली, तीन शिफ्टमध्ये आयुष्य काढले. ती मुले आता साठीला टेकली आहेत. निवृत्तीच्या दिवशी कंपनीत शाल-श्रीफळ मिळते, फोटो होतो, पीएफ आणि ग्रॅच्युइटीची रक्कम खात्यावर येते. एवढा पैसा एकदम हातात येण्याची बहुतेकांची ही पहिली आणि शेवटची वेळ असते.

हे ज्यांना नेमके ठाऊक असते, ते त्याच महिन्यात दारात उभे राहतात. पेशी पुन्हा तरुण करणारी पावडर, म्हातारपण थोपवणाऱ्या कॅप्सूल, व्हिटॅमिनचे सलाईन, स्टेम सेलचे इंजेक्शन. तळहाताखाली एक यंत्र धरले की दोन मिनिटांत यकृतापासून मेंदूपर्यंत सगळ्या अवयवांचा अनेक पानी रिपोर्ट छापून निघतो आणि त्या रिपोर्टच्या शेवटी नेमकी तीच पावडर लिहिलेली असते. हा माल विकणारा सहसा अनोळखी नसतो. साखळी पद्धतीच्या विक्रीत तो जुना शिफ्टमधला सोबती असतो, मेव्हणा असतो, व्याही असतो. त्याला नाही म्हणणे डॉक्टरला नाही म्हणण्यापेक्षा कितीतरी अवघड.

एखाद्याने आपल्या कमाईचे काय करावे हा त्याचा प्रश्न आहे, असे म्हणून हे सोडून देता आले असते. पण सरकारी रुग्णालयात लकवा मारलेल्या रुग्णाचे नातेवाईक जेव्हा औषधांची पिशवी टेबलावर उलटी करतात, तेव्हा त्यातून वेगळीच गोष्ट बाहेर पडते. महागड्या डब्या निम्म्या संपलेल्या असतात आणि रक्तदाबाच्या गोळीची पट्टी चार महिन्यांपूर्वी जिथे थांबली तिथेच असते. ‘बीपीच्या गोळीची सवय लागते, आयुष्यभर घ्यावी लागते, त्यापेक्षा हे मुळापासून बरे करते,’ असे कुणीतरी सांगितलेले असते. दीर्घायुष्याच्या बाजाराचे खरे नुकसान हे आहे. पावडर बहुधा विष नसते. ती फक्त खऱ्या औषधाच्या जागेवर येऊन बसते.

त्या बिचाऱ्या गोळीमागचा पुरावा किती भक्कम आहे हे सांगायला कुणी दारात येत नाही. वय 80 च्या पुढे गेल्यावर रक्तदाब कमी करावा की नाही, याबद्दल डॉक्टरांमध्येच बरीच वर्षे मतभेद होते. म्हातारपणी थोडा दाब हवाच, असेही मानले जाई. मग 80 वर्षांवरच्या 3,845 रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी. कोणाला कोणती मिळते हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. 2008 मध्ये निष्कर्ष आले. खरी गोळी घेणाऱ्यांत मृत्यू 21 टक्क्यांनी कमी होते, आणि उरलेल्यांना खोटी गोळी देत राहणे योग्य नाही म्हणून चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. आयुष्य वाढवते असे छातीठोकपणे म्हणता येईल अशी ही गोळी. ती साधी, जुनी, दिवसाला काही रुपयांत मिळणारी आहे, आणि तिच्या डबीवर तरुण जोडप्याचा फोटो नाही.

आता डबीवरच्या फोटोमागचे विज्ञान पाहू. ते पूर्णपणे बनावट असते असे नाही, आणि म्हणूनच फसायला होते. लाल द्राक्षांत सापडणाऱ्या रेझव्हेरॅट्रॉल या पदार्थाने यीस्टचे आयुष्य वाढते, असे 2003 मध्ये अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतून जाहीर झाले. 2006 मध्ये चरबीयुक्त खाणे खाणाऱ्या लठ्ठ उंदरांवर तसेच दिसले. जगभर मथळे झाले. 2008 मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने या संशोधनातून निघालेली कंपनी 72 कोटी डॉलरला विकत घेतली. पुढे साधा आहार घेणाऱ्या, लठ्ठ नसलेल्या उंदरांना तोच पदार्थ दिला, तेव्हा त्यांचे आयुष्य वाढले नाही. 2013 मध्ये ग्लॅक्सोने ते युनिट बंद केले. एवढ्या मोठ्या औषध कंपनीने ज्यातून हात काढून घेतला, ते कॅप्सूल आजही विकले जाते आणि माहितीपत्रकात यीस्टचे 2003 चे साल अजून ताजे असते.

यीस्ट, मग उंदीर, मग माणूस अशा या पायऱ्या आहेत. बहुतेक चमत्कार दुसऱ्या पायरीवर थांबतात. रॅपामायसिन हे औषध 2009 मध्ये म्हाताऱ्या उंदरांना, म्हणजे माणसाच्या हिशेबाने साठीच्या उंदरांना दिले आणि ते जास्त जगले. हा निष्कर्ष खरा आहे, पुन्हा पुन्हा तपासला गेला आहे. पण हेच औषध मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी देतात. निरोगी माणूस त्याने जास्त जगतो हे कुणी दाखवलेले नाही. ब्रायन जॉन्सन हा अमेरिकी धनाढ्य वय मागे नेण्यासाठी वर्षाला 20 लाख डॉलर खर्च करतो असे सांगितले जाते. त्यानेही 2024 मध्ये रॅपामायसिन सोडले. त्याआधी 2023 मध्ये त्याने स्वतःच्या किशोरवयीन मुलाच्या रक्तातला प्लाझ्मा टोचून घेतला होता. फायदा दिसला नाही, असे त्याने स्वतःच सांगितले. वि. स. खांडेकर वाचलेल्या मराठी माणसाला ययातीची आठवण झाली नसेल तरच नवल.

‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द तर आता चहाच्या पाकिटावरही असतो. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर या कल्पनेची चाचणी झाली. ज्यांना बीटा कॅरोटिनची गोळी दिली त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त निघाला. 1994 चा हा निष्कर्ष आहे. विडी ओढणारा माणूस ‘निदान ताकदीची गोळी तरी घेतो’ म्हणून समाधान मानतो, तेव्हा त्याला हे कुणी तरी सांगायला हवे. स्टेम सेलबद्दल तर आपल्याकडे नियमच स्पष्ट आहेत. 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताचे काही आजार सोडले तर बाकी कशासाठीही हा उपचार केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. गुडघ्यासाठी किंवा तारुण्यासाठी कुणी लाखभर रुपये मागत असेल तर त्याच्याकडे विज्ञानही नाही आणि परवानगीही नाही.

‘अमुक आजोबा शंभर वर्षे जगले, ते रोज अमुक खायचे’ हा पुराव्याचा सर्वांत आवडता प्रकार. महर्षी धोंडो केशव कर्वे 1858 मध्ये जन्मले आणि 1962 मध्ये 104 व्या वर्षी गेले. पंडित सातवळेकर 1867 ते 1968. त्यांच्या दिनचर्येतून बरेच शिकण्यासारखे आहे. पण त्याच गावात, तेच भात-कुळीथ खाऊन, तितकेच चालून चाळिशीत गेलेल्यांची दिनचर्या कुणी लिहून ठेवली नाही. जे उरले त्यांच्याकडेच पाहून गुपित शोधले की काहीही गुपित वाटू लागते. कर्व्यांच्या आत्मचरित्रात एक प्रसंग आहे. मुरूडहून साताऱ्यापर्यंत ते परीक्षेसाठी पायी गेले, आणि वय 17 वाटत नाही म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. चेहऱ्यावरून वय ठरवण्याचा हा जुना नमुना.

वयाचा विषय निघालाच आहे तर वाळूजच्या कोणत्याही कारखान्यातली जुनी हजेरी काढून पाहावी. 1 जून या तारखेला जन्मलेले लोक तिथे नको तितके सापडतील. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली ही तारीख. कुणी प्रत्यक्षात दोन वर्षांनी मोठा, कुणी लहान. जगातल्या दीर्घायुषी गावांच्या कथांतही असाच घोटाळा आहे. जपानमध्ये 2010 साली शोध घेतला तर नोंदीत शंभरी पार केलेल्या 2 लाख 30 हजारांहून अधिक लोकांचा पत्ताच नव्हता. टोकियोतील 111 वर्षांचे म्हणून नोंदलेले एक गृहस्थ तर तीस वर्षांपूर्वीच वारलेले निघाले आणि घरच्यांना त्यांचे पेन्शन मिळत होते. ऑक्सफर्डमधील संशोधक सॉल न्यूमन यांनी अशा नोंदींची चिरफाड केली, त्यांना 2024 चा इग नोबेल मिळाला. आणि आता रक्ताच्या थेंबावरून ‘खरे जैविक वय’ सांगणाऱ्या चाचण्या विकायला आल्या आहेत. त्यामागची कल्पना, 2013 मध्ये स्टीव्ह होर्वाथ यांनी मांडलेले डीएनएवरील खुणांचे घड्याळ, संशोधनासाठी महत्त्वाची आहे. एका माणसाच्या हातात तो आकडा देऊन मात्र काही साधत नाही. 57 आले काय आणि 63 आले काय, पुढचा सल्ला तोच राहतो.

आहाराच्या बाबतीत महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत एक मोठा सामूहिक प्रयोग पाहिला. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोहोचवलेला, दिवसातून दोनदाच आणि 55 मिनिटांच्या आत जेवण्याचा. त्यात विकायला पावडर नव्हती, हे त्याचे मोठेपण मान्य करायला हवे. मधल्या चहा-बिस्किटांना रजा मिळाल्याने अनेकांची वजने उतरली, साखर आटोक्यात आली. पण वेळ बांधून घेण्यात स्वतंत्र जादू आहे का? चीनमध्ये 139 लठ्ठ लोकांवर वर्षभर झालेल्या चाचणीत, 2022 मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार, तेवढेच कमी खाणाऱ्या दोन गटांत ठरावीक वेळेत जेवणाऱ्यांचे वजन फारसे जास्त उतरले नाही. आयुष्य वाढण्याचा पुरावा तर अजून कुठल्याच उपवासाच्या बाबतीत नाही. अमेरिकेत दोन वर्षे मुद्दाम कमी खायला लावलेल्या निरोगी लोकांचा रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल सुधारले, पण वजनाबरोबर स्नायू आणि हाडांचा भरीवपणाही घटला.

इथे वाळूजच्या साठीवाल्याची गोष्ट वेगळी होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी डॉ. युडकिन यांचा एक जोडफोटो 2004 मध्ये लॅन्सेटमध्ये छापला होता. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2 टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपली ठेवण. असा माणूस तीस वर्षे मशीनपुढे उभा राहून निवृत्त होतो, गुडघे दुखतात म्हणून खुर्चीत बसतो, आणि कुणाचे ऐकून रात्रीचे जेवण सोडतो. सहा महिन्यांत पाच किलो उतरतात, शेजारी कौतुक करतात. त्यातला बराचसा भाग मांडीचा आणि दंडाचा असतो. पुढचा पाय घसरला की तोल सावरायला जे लागते, तेच त्याने गमावलेले असते. खुब्याचे हाड मोडून भरती झालेला सत्तरीचा माणूस ज्या वेगाने खालावतो, ते ज्या घराने पाहिले आहे त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

मनगटाची पकड किती जोरात आवळता येते, या एका साध्या मापावर 17 देशांतल्या, त्यात भारतही आला, सुमारे 1 लाख 40 हजार लोकांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. पकड 5 किलोने कमी असली की मृत्यूचा धोका 16 टक्क्यांनी जास्त दिसला. पुढे काय होणार हे सांगण्यात पकड वरच्या रक्तदाबापेक्षाही सरस ठरली. अर्थात स्प्रिंगचा हँडग्रिप दाबत बसल्याने कुणी अमर होत नाही. पकड ही साऱ्या शरीराच्या ताकदीची खूण आहे. ती ताकद म्हातारपणी परत मिळवता येते का? बोस्टनमध्ये 1990 साली वृद्धाश्रमातील, सरासरी नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावले. अभ्यास चिमुकला होता, पण पायांची ताकद पावणेतीन पट झाली, आणि नंतरच्या मोठ्या चाचण्यांनी त्याच दिशेला दुजोरा दिला. वाळूजमध्ये त्यासाठी जिम नको. खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे दहा वेळा, दोन विटांची पिशवी उचलणे, जिना. चालणे उत्तमच, आषाढीला शहरातून छोट्या पंढरपूरपर्यंत पायी येणारे हजारो लोक त्याची साक्ष आहेत, पण नुसत्या चालण्याने दंड आणि मांड्या टिकत नाहीत. सोबत ताटात डाळ घट्ट हवी, पातळ वरण नव्हे. शेंगदाणे, दूध, मोड आलेली कडधान्ये आणि चालत असेल त्याला अंडी. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण साठ-सत्तर ग्रॅम प्रथिने लागतात. ज्याच्या मूत्रपिंडाचा त्रास आहे त्याने मात्र आधी विचारावे.

तंबाखूचे काय, हे विचारण्याचीही गरज नाही. पण सोडून आता काय उपयोग, असे साठीला म्हटले जाते म्हणून दोन आकडे. ब्रिटनमधल्या डॉक्टरांचाच पन्नास वर्षे पाठपुरावा केला गेला. सिगारेट ओढणारे सरासरी दहा वर्षे आधी गेले. चाळिशीत सोडणाऱ्यांना त्यातली नऊ वर्षे परत मिळाली, पन्नाशीत सहा, आणि साठीत सोडणाऱ्यांनाही तीन. तीन वर्षे देणारी दुसरी कोणतीही डबी बाजारात नाही. विडीचे काय होते हे मुंबईतल्या सुमारे दीड लाख लोकांच्या अभ्यासाने दाखवले आहे. ती सिगारेटपेक्षा सौम्य नाही, उलट जास्त घातक निघाली. राज्यात 2012 पासून गुटखाबंदी आहे आणि पुड्या कुठे मिळतात हे प्रत्येक कामगाराला ठाऊक आहे.

प्रेस शॉपमध्ये वीस-पंचवीस वर्षे काढलेल्यांचे कान हा आणखी एक दुर्लक्षित विषय. घरात टीव्हीचा आवाज वाढतो, मग माणूस बोलणे कमी करतो, मग ‘बाबा विसरायला लागलेत’ सुरू होते. लॅन्सेटच्या 2024 च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत ऐकू कमी येणे वरच्या क्रमांकात ठेवले आहे. स्मरणशक्तीच्या सिरपवर खर्च करण्याआधी कान तपासावेत. आणि सगळ्याच पूरक गोळ्या थोतांड आहेत असेही नाही. शाकाहारी माणसात, त्यातही मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यात, बी-12 खरोखर कमी पडते. ते मोजावे, कमी असेल तर गोळी घ्यावी. ती स्वस्त आहे.

या सगळ्यातला सर्वांत अप्रिय भाग मात्र पावडर विकणाऱ्यांच्या नव्हे, व्यवस्थेच्या माथी जातो. ज्याला गोळी नेमाने घे म्हणायचे, त्याला सरकारी दवाखान्यात ती गोळी कधी मिळते, कधी बाहेरच्या मेडिकलची चिठ्ठी मिळते. एका महिन्याच्या औषधासाठी अर्धा दिवस रांगेत जातो. ईपीएस-95 ची किमान पेन्शन 2014 मध्ये ठरली ती 1000 रुपये. पावडरवाला घरी येतो, चहा घेतो, अर्धा तास ऐकून घेतो. तेवढा वेळ ओपीडीत कुणाकडे नसतो, आणि साठीच्या एकट्या पडलेल्या माणसाला बहुतेकदा तेवढेच हवे असते. ईएसआयमध्ये किमान पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्यांना वर्षाला 120 रुपये भरून पती-पत्नी दोघांसाठी उपचार चालू ठेवता येतात, ही सोय वर्षानुवर्षे आहे. ती कितीतरी पात्र कामगारांना निवृत्तीच्या दिवशी कुणी सांगत नाही.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट करता येईल. बहुतेक मोठ्या कारखान्यांत दरवर्षी कामगारांची तपासणी होते. रक्तदाब, साखर, छातीचा एक्स-रे, आवाजाच्या विभागात कानांची चाचणी. धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्यांना आपली आरोग्यनोंद पाहण्याची तरतूद कारखाने अधिनियमातच 1987 च्या दुरुस्तीने आली होती. तरीही माणूस निवृत्त होतो आणि त्याची वीस वर्षांची फाईल कंपनीच्या कपाटात राहते. बाहेर पडल्यावर त्याच्याकडे तळहाताच्या यंत्राने काढलेला रंगीत रिपोर्ट तेवढा असतो. रक्तदाब कोणत्या वर्षापासून चढू लागला, कान कधी उतरले, हे त्या कपाटातल्या कागदांवर लिहिलेले आहे. शाल-श्रीफळ देताना त्याच्या झेरॉक्सही हातात द्याव्यात. कामगार संघटनांनी पुढच्या करारात हे एक कलम मागावे, त्याला कंपनीचा झेरॉक्सपुरताच खर्च येईल.